एम ५१ चा फोटो काढायचाय? आधी नाशिकच्या बाहेर पडा

मी अंबड एमआयडीसीत टूलरूमला आहे. दिवसभर हातात डायल गेज आणि मायक्रोमीटर, त्यामुळे दुर्बिणीच्या फोटोग्राफीकडेही त्याच नजरेनं बघायची सवय लागली आहे: खोट कुठून येते, किती येते आणि ती काढायचा सगळ्यात स्वस्त मार्ग कोणता? एम ५१ ही एक दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, आणि दीर्घिकांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर अनेकांना रुचत नाही. मोठी खोट डोक्यावरच्या आकाशात असते, आणि ती काढायची तर नव्या कॅमेऱ्याआधी गाडीत पेट्रोल भरून हरसूल नाहीतर पेठच्या बाजूला निघावं लागतं.

म्हणून उपकरणांच्या यादीआधी थोडा हिशेब.

गच्ची की रान

आकाशाची उजळी प्रतींमध्ये मोजतात आणि एका प्रतीचा फरक म्हणजे २.५१२ पट. शहरातली गच्ची आणि चांगलं अंधारं रान यांत तीन प्रतींचा फरक सहज पडतो. म्हणजे गच्चीवरचं आकाश जवळपास १६ पट उजळ. दीर्घिकेचा प्रकाश दोन्हीकडे तेवढाच येतो, पण गच्चीवर तो आकाशाच्या उजेडातून येणाऱ्या खरखरीत बुडतो. फोटो तितकाच स्वच्छ हवा असेल तर वेळही १६ पट द्यावा लागतो. रानातला एक तास म्हणजे कॉलेज रोडच्या गच्चीवरचे सोळा तास. हे ऐकून लोक म्हणतात, मग फिल्टर लावू की! मृगातल्या तेजोमेघासाठी जरूर लावा. तो तेजोमेघ हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या मोजक्या रंगांत चमकतो, तेवढे रंग ठेवून बाकीचे अडवता येतात. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकत्र प्रकाश, त्यात सगळेच रंग. रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडीतही बहुतेक सगळेच रंग. दोघांना वेगळं करणारी काच बाजारात नाही.

आता कुठे जायचं? त्र्यंबकेश्वरपर्यंतचा पट्टा सोडा, तिथं दिवे बरेच आहेत. तिथून पुढे हरसूलकडे, किंवा दिंडोरी रोडऐवजी पेठ रोड धरून घाट ओलांडला की आकाश एकदम बदलतं. सुरगाण्याकडे आणखी चांगलं, पण पहाटे परतीच्या वेळी झोप आवरत नाही, तेव्हा तिकडे मुक्कामालाच जावं. या पश्चिमेच्या जागांचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. नाशिकचा उजेड तिथून पूर्वेला राहतो. दीर्घिका उगवताना त्या उजेडातून वर येते, पण एकदा डोक्यावरून पश्चिमेकडे कलली की उरलेली रात्र अंधाऱ्या भागात असते. सिन्नरकडे गेलात तर उलटं: सुरुवात चांगली आणि मध्यरात्रीनंतर दीर्घिका शहराच्या उजेडात उतरते. त्यामुळे सिन्नरच्या बाजूला जाणाऱ्यांनी आधी शूट करून घ्यावं, हरसूलकडे जाणाऱ्यांनी आधी निवांत जेवून घ्यावं.

मार्च ते मे या काळात पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या भातपट्ट्यात राब भाजतात. त्याचा धूर संध्याकाळी दरीत बसून राहतो. खोलगट जागा टाळा, पठारावर थांबा. आणि अवकाळी पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या रात्री आकाश उघडलं तर काम टाकून निघा, धूळ बसलेली असते. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षवाल्यांसमोर मात्र हा आनंद बोलून दाखवू नका.

रानात एकट्यानं जाऊ नये. जिल्ह्यात बिबट्याचा वावर आहे, शिवाय मध्यरात्री लाल दिवा लावून नळकांडं रोखून बसलेला माणूस बघून गावकऱ्यांना शंका येणं साहजिक आहे. दिवसाउजेडी जाऊन, "आबा, आज रात्रभर तुमच्या खळ्यावर थांबलो तर चालेल का?" असं विचारलं की बहुतेक ठिकाणी चहासुद्धा मिळतो. भाताची झोडणी होऊन गेलेलं खळं ट्रायपॉडसाठी उत्तम: सपाट, घट्ट, गवत नाही. सोबत एक साधी दुर्बीण किंवा द्विनेत्री न्या. मुख्य दुर्बिणीला कॅमेरा लावलेला असतो, त्यातून कुणाला काही दाखवता येत नाही आणि घरातली पोरं तर येणारच.

दीर्घिका कोणती घ्यावी

पहिल्यांदा बरेच जण देवयानी घेतात. २५ लाख प्रकाशवर्षांवरची, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी. पण ती आकाशात तीन अंशांहून लांब पसरली आहे, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीनं मांडावेत तेवढी. दुर्बिणीच्या चौकटीत ती मावत नाही. तिला २०० मिलिमीटरची कॅमेऱ्याची लेन्स बरी. सोम्ब्रेरो, म्हणजे एम १०४, नाशिकहून ५८ अंशांपर्यंत वर येते. लंडनहून तीच जेमतेम २७ अंशांवर असते, तेव्हा आपल्या अक्षांशाचा हा मोठा लाभ आहे. तरी ती लहान आहे. एम ८१ उत्तरेला ४१ अंशांपलीकडे जात नाही.

मी सुचवतो ती एम ५१, व्हर्लपूल. सप्तर्षींच्या शेपटीतला शेवटचा तारा मरीची, त्याच्यापासून नैर्ऋत्येला साडेतीन अंशांवर, शामशबल तारकासमूहात. प्रत ८.४. अंतर अडीच ते तीन कोटी प्रकाशवर्षांच्या घरात. फ्रेंच खगोलनिरीक्षक शार्ल मेसिएला ती १७७३ मध्ये सापडली (नावातला 'एम' त्याच्याच यादीचा), आणि १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी ७२ इंची आरशातून पाहून तिचे वळणदार बाहू कागदावर काढले. दीर्घिकेचा सर्पिल आकार माणसाला प्रथम दिसला तो हिच्यात. आज सहा इंची आरसा आणि जुना डीएसएलआर त्या चित्राहून जास्त तपशील टिपतो, कारण डोळा प्रकाश साठवत नाही आणि सेन्सर साठवतो. जाता जाता: हा प्रकाश तिथून निघाला तेव्हा सह्याद्रीचा काळा पाषाण आधीच थंड होऊन बसला होता. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे.

नाशिकहून एम ५१ ६३ अंशांपर्यंत चढते. एप्रिलच्या मध्याला ती मध्यरात्री माथ्यावर येते, पण घड्याळात १२ वाजता नव्हे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि नाशिक ७३.८ वर, म्हणून प्रत्यक्षात १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास. त्या रात्रींत ती साधारण नऊपासून पहाटे चारपर्यंत ४० अंशांच्या वर असते. दर महिन्याला हे सगळं दोन तास अलीकडे सरकतं. अमावस्येच्या मागचे-पुढचे पाच दिवस धरा, चंद्र असताना दीर्घिकेच्या मागे लागू नये.

सामान

माझ्याकडे सहा इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण आहे, नाभीय अंतर ७५० मिलिमीटर, त्यामागे १८ मेगापिक्सेलचा कॅनन डीएसएलआर. पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा. २०६ ला ४.३ नं गुणून ७५० नं भागलं की उत्तर येतं १.१८, म्हणजे एका पिक्सेलवर १.१८ आर्कसेकंद आकाश (अंशाचा साठावा भाग म्हणजे आर्कमिनिट, त्याचा साठावा भाग आर्कसेकंद; २०६ हा कोन आर्कसेकंदांत आणणारा आकडा). एम ५१ ची लांबी ११ आर्कमिनिटं, म्हणजे ५१८४ पिक्सेल रुंदीच्या फोटोत ती साधारण ५६० पिक्सेल भरते. बाहू, जोडीची छोटी दीर्घिका आणि दोघींमधला पूल दिसायला एवढं पुरतं. फोटो नंतर कापायचा आहे, हे मनाशी ठरवूनच निघा.

पैशाची वाटणी कशी करावी? निम्म्याहून जास्त माऊंटवर, म्हणजे दुर्बीण पेलणाऱ्या आणि ताऱ्यांबरोबर फिरवणाऱ्या बैठकीवर. इथं मी हट्टी आहे. मोठी दुर्बीण आणि हलका माऊंट ही जोडी बघितली की मला कललेल्या स्टँडवर ठेवलेला बेंच ग्राइंडर आठवतो. विषुववृत्तीय (एक अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला), मोटरचा, गाईडिंगची (ताऱ्यावर नजर ठेवून चूक सुधारण्याची) सोय असलेलाच माऊंट घ्या, आणि त्याची जी वजनक्षमता लिहिलेली असते तिच्या निम्म्यापर्यंतच लादा. बाकी सामान लहानसहान: गाईडस्कोप (गाईडिंगची छोटी दुर्बीण) आणि त्याचा कॅमेरा, कोमा करेक्टर (कडेचे तारे शेपटीसारखे ताणू न देणारं भिंग), कॅमेऱ्याला बाहेरून वीज देणारी डमी बॅटरी, १२ व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी, लॅपटॉप.

ध्रुव वीस अंशांवर

नाशिकचा अक्षांश २० अंश, त्यामुळे ध्रुव क्षितिजापासून फक्त २० अंशांवर. माऊंटचा अक्ष त्या ध्रुवाकडे रोखायचा असतो, आणि त्याची उंची तिथं आणली की काही माऊंटांत प्रतिभाराचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला घासतो. घरीच एकदा पूर्ण फिरवून बघा. घासत असेल तर मधे आखूड नळीचा जोड येतो, तो बसवा. उत्तरेला डोंगर किंवा झाड येणार नाही अशी जागा निवडावी हे आलंच. अक्ष नुसता ध्रुवताऱ्यावर रोखून भागत नाही, तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे ४० आर्कमिनिटं बाजूला आहे. निना नावाचं मोफत सॉफ्टवेअर आकाशाच्या तीन जागांचे फोटो काढून अक्ष किती चुकला ते सांगतं, ध्रुव न दिसताही. बोल्ट फिरवत ती चूक एक-दोन आर्कमिनिटांवर आणा आणि थांबा. त्याहून बारीक करण्यात लोक तास घालवतात. उरलेलं गाईडिंग सांभाळतं.

वर्म, दात आणि पाव मायक्रॉन

आता माझ्या आवडीचा भाग. ट्रॅकिंग बंद असेल तर एम ५१ या चौकटीत सेकंदाला आठ-नऊ पिक्सेल पळते. ती जागेवर ठेवायची तर माऊंट दोन-दोन मिनिटं एका पिक्सेलच्या आत फिरायला हवा. माऊंट फिरवणाऱ्या दातेरी चाकाची, म्हणजे वर्म व्हीलची, त्रिज्या ५० मिलिमीटर धरा. तिच्या परिघावर एक आर्कसेकंद म्हणजे ०.२४ मायक्रॉन. टूलरूमला आम्ही पाच मायक्रॉनसाठी भांडतो! एवढ्या अचूकतेचा गिअर हौशी माणसाच्या किमतीत कुणी देऊ शकत नाही, म्हणून माऊंट ठरावीक वेळानं पुढे-मागे होतो. किती वेळानं, ते काढता येतं: पृथ्वीची ताऱ्यांसापेक्ष एक फेरी ८६,१६४ सेकंदांची, तिला चाकाच्या दातांनी भागा. १८० दात असतील तर जवळपास आठ मिनिटं, म्हणजे दर आठ मिनिटांनी तीच लाट पुन्हा येते. स्वस्त माऊंटात ती वीस-तीस आर्कसेकंदांची सहज निघते.

गाईडिंग ही लाट दाबतं. पीएचडी टू नावाचं मोफत सॉफ्टवेअर गाईडस्कोपमधून एका ताऱ्यावर नजर ठेवतं आणि तो हलला की माऊंटला ढकलतं. गाईड कॅमेऱ्याचं एक्स्पोजर दोन-तीन सेकंद ठेवा. एक सेकंदाच्या आत गेलात तर ते हवेच्या थरथरीमागे धावत बसतं आणि माऊंट उगाच हेलकावतो. एकूण चूक एक आर्कसेकंदाच्या आसपास दिसली की समाधान माना.

तरी बॅकलॅश राहतोच. लेथवर काम केलेल्याला समजवायला नको: दिशा उलटली की हँडल फिरतं आणि स्लाइड हलत नाही. उपायही तोच, दात कायम एकाच बाजूला टेकलेले ठेवायचे. पूर्व-पश्चिम अक्षाचा तोल पूर्वेकडे किंचित जड ठेवा, म्हणजे मोटर नेहमी वजन उचलत राहते. उत्तर-दक्षिण अक्षात आधी बघा तारा कुठल्या बाजूला सरकतो, आणि पीएचडी टूला त्याच्या उलट फक्त एकाच बाजूनं ढकलायची परवानगी द्या. तोल घालताना कॅमेरा, केबल, सगळं लावलेलं असावं. केबल लोंबकळत असेल तर रात्री एक वाजता ती कशात तरी अडकणारच, म्हणून ती माऊंटच्या मध्यातून बांधून आणा. गाईडस्कोपच्या क्लॅम्पचे स्क्रू पक्के आवळा. तो ढिला असेल तर आलेख सुंदर दिसतो आणि फोटोतले तारे तरी लांबट येतात.

रात्रीचा क्रम

पोचल्यावर आरसा उघडून ठेवा, त्याला रानाच्या हवेइतकं थंड व्हायला पाऊण तास तरी लागतो. घाटातले खड्डे खाऊन आलेल्या आरशाचं कोलिमेशन, म्हणजे आरशांची सरळ जुळणी, तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग फोकस: मरीचीवर दुर्बीण रोखून तोंडाला बाह्तिनोव मास्क (खाचा पाडलेलं झाकण) लावा, ताऱ्यातून तीन रेघा निघतात, मधली रेघ बरोबर मध्ये आली की फोकसर लॉक. तापमान उतरत जातं तसा फोकस सरकतो, म्हणून दर तासाभरानं पुन्हा बघा.

मरीचीपासून एम ५१ वर यायला हातानं शोधत बसू नका. एक फोटो काढून तो अस्टॅपसारख्या मोफत सॉफ्टवेअरला दिला की ते ताऱ्यांच्या नकाशाशी जुळवून दुर्बीण नेमकी कुठे बघतेय ते सांगतं, आणि निना तिला हव्या जागी नेऊन ठेवतं.

आयएसओ ८००, रॉ फाईल, एक्स्पोजर दोन मिनिटं. फोटोच्या हिस्टोग्रामचा (उजळपणाच्या आलेखाचा) उंचवटा डाव्या कडेपासून सुटलेला आणि पाव ते एक तृतीयांशाच्या दरम्यान हवा. कडेला चिकटला तर वेळ वाढवा, मध्यावर गेला तर कमी करा. गच्चीवरून हाच उंचवटा अर्ध्या मिनिटात मध्यावर पोचतो, ते एकदा करून बघा, वरचा सोळा पटीचा हिशेब पटेल. दर दोन-तीन फोटोंनंतर दुर्बीण काही पिक्सेल इकडे-तिकडे सरकवणारं डिदरिंग चालू ठेवा. डीएसएलआरची आडवी-तिरपी खरखर त्यानंच जाते, नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट जात नाही. एम ५१ माथा ओलांडते तेव्हा माऊंटला बाजू बदलावी लागते. त्या वेळी जागं राहा, नळी ट्रायपॉडवर आदळू शकते.

एकूण किती वेळ? चार तास, म्हणजे दोन मिनिटांचे १२० फोटो, हे मी किमान मानतो. फोटोचा स्वच्छपणा वेळेच्या वर्गमुळानं वाढतो: चौपट वेळ दिला की दुप्पट. म्हणून एका तासावरून चारवर जाण्यात मजा आहे, चारवरून पाचवर जाण्यात फारशी नाही.

हिवाळ्यात दवाचा त्रास होतो, त्यासाठी दुय्यम आरशामागे हीटरची पट्टी लावतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तिची बहुधा गरज पडत नाही.

झोपण्याआधी दोन कामं. दुर्बिणीला झाकण लावून त्याच एक्स्पोजरचे, त्याच आयएसओचे वीसेक डार्क फोटो (सेन्सरची स्वतःची खरखर वजा करायला) घ्या, बाहेरच्या थंडीतच, घरी येऊन नव्हे. आणि पहाटे उजाडताना नळीच्या तोंडावर पांढरं सुती कापड ताणून बसवून वीसेक फ्लॅट (सारख्या उजेडाचे फोटो), फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन न हलवता. आपल्याकडची धूळ सेन्सरवर बसते आणि फोटोत तिची करडी कडी उमटतात. फ्लॅटशिवाय ती काढायला गेलात तर दीर्घिकेचा अंधुक बाहूही सोबत पुसला जातो.

घरी आल्यावर

सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. आधी सगळे फोटो एकेक करून डोळ्यांखालून घाला, ढगाचे आणि लांबट ताऱ्यांचे काढून टाका. मग डार्क-फ्लॅट लावणं, तारे जुळवणं आणि स्टॅकिंग, म्हणजे सगळे फोटो एकावर एक रचून एकच करणं. स्टॅकिंग करताना सिग्मा क्लिपिंग निवडा, म्हणजे एखाद्याच फोटोत आलेल्या उपग्रहांच्या रेघा आपोआप गळतात. त्यानंतर पार्श्वभूमीचा उतार काढा: हरसूलकडूनही पूर्वेची कड थोडी उजळ येतेच. रंग जुळवायला सिरिल ताऱ्यांच्या यादीतले खरे रंग वापरतं, तेच ठेवा.

शेवटी स्ट्रेच, म्हणजे अंधुक भाग उजळ करणं. इथं हात आखडता घ्या. आकाश पार काळं केलं की फोटो झणझणीत दिसतो आणि जोडीच्या दीर्घिकेभोवतीचा पुसट प्रकाश मरतो. तो प्रकाश म्हणजे दोघींच्या ओढाताणीत बाहेर फेकले गेलेले तारे आहेत, आणि त्याच्यासाठीच तर आपण रात्रभर घाटावर बसलो. आकाश गडद करडं राहू द्या. बाहूंवर गुलाबी ठिपके दिसले तर ते नवे तारे जन्मत असलेले हायड्रोजनचे ढग. साध्या डीएसएलआरचा आतला फिल्टर हा लाल रंग बराचसा अडवतो, म्हणून ते फिकटच येतात. रंग ओतून ते वाढवू नका. तपशील स्वतःच भरणारी सॉफ्टवेअरंही निघाली आहेत, त्यांनी काढलेलं चित्र दीर्घिकेचं राहत नाही.

मूळ रॉ फाईली जपून ठेवा. पुढच्या वर्षीचे तास त्यांत मिळवता येतात, आणि दुसरंही कारण आहे. एम ५१ मध्ये १९९४, २००५ आणि २०११ या वर्षांत अतिनवतारे, म्हणजे स्फोट होऊन उजळलेले तारे, दिसले होते. दर वर्षीचा स्टॅक जुन्याशेजारी ठेवून बाहूंमध्ये नवा ठिपका आहे का ते बघा. असला तर तो एकेका सुट्या फोटोत आहे का, डिदरिंगबरोबर ताऱ्यांसारखाच सरकतो का, हे आधी तपासा. सरकत नसेल तर तो सेन्सरचा डाग. तासाभरात ताऱ्यांमधून जागा बदलत असेल तर लघुग्रह. दोन्ही नसेल तर दुसऱ्या रात्री पुन्हा फोटो घ्या आणि ट्रान्झिएंट नेम सर्व्हरवर (अशा शोधांच्या जागतिक नोंदवहीत) त्या जागी आधीच कुणी नोंद केली आहे का ते बघा. नसेल तर खातं उघडून तुमची नोंद टाका: जागा, वेळ जागतिक प्रमाणवेळेत, आणि अंदाजे प्रत.